आजीचा शेर कुठला?

गेली तीन वर्षे आमच्या घरात एक वाक्य ठरलेले होते. आमटीचा पहिला घास घेतला की आई वाटी किंचित पुढे सारायची आणि म्हणायची, ‘‘हल्लीच्या मिरचीत दम नाय.’’ मग बायको माझ्याकडे पाहायची, कारण मसाला मी केलेला असायचा.

आई आता शहाऐंशी वर्षांची आहे. तिचे गुडघे धड होते तोवर वर्षाचा मसाला तीच करी, आणि तोही हाताच्या अंदाजाने. लवंग किती, तर ‘‘मूठभर.’’ धणे किती, तर ‘‘मिरच्ये बगून.’’ गुडघ्यांनी दगा दिल्यावर हे काम माझ्याकडे आले. निवृत्तीनंतर मोकळा वेळ होता आणि आयुष्यभर हिशेब तपासण्याची नोकरी केल्यामुळे प्रमाण, टक्केवारी वगैरे गोष्टींवर माझा गाढ विश्वास होता. शिवाय माझ्याकडे पुरावा होता. आजीच्या ट्रंकेत सापडलेली एक यादी. आजोबा गिरणीत साळखात्यात होते, गावाला चौथी शिकलेले. आजीने सांगितले आणि आजोबांनी गिरणीतल्या एका छापील कागदाच्या पाठीवर बाळबोधीत उतरवून घेतले. वर मिती आहे : चैत्र, शके १८५१. म्हणजे इसवी सन १९२९. आदल्या वर्षीचा सहा महिन्यांचा गिरणी संप नुकता संपलेला. अशा दिवसांत कोणाला मसाल्याचे प्रमाण लिहून ठेवावेसे वाटले याचे मला फार दिवस नवल वाटे. आता वाटत नाही. आजी परळच्या चाळीत दहा-बारा गिरणीवाल्यांची खानावळ चालवायची. हातावरचे पोट असलेल्या घरात चार पैशांची लवंग जास्त पडली तरी हिशेब चुकतो.

यादी अशी आहे : मिरची ५ शेर, धणे २ शेर, हळकुंडे अर्धा शेर, बडीशेप १० तोळे, खसखस पाव शेर, लवंग, दालचिनी, मिरी प्रत्येकी ५ तोळे, दगडफूल ४ तोळे, नागकेशर, बाद्यान, पत्री, शहाजिरे, मसाला वेलची, तमालपत्र, हिंग प्रत्येकी २ तोळे आणि जायफळे दोन. एवढेच. कसे भाजायचे, काय आधी, काय नंतर, याविषयी एक अक्षर नाही. ते सगळ्यांना येतच होते.

तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम आणि शेर म्हणजे ८० तोळे, ९३३ ग्रॅम. हे मला शाळेपासून पाठ. त्रैराशिक मांडले, किलोभर मिरचीला प्रमाण काढले आणि तीन वर्षे त्याबरहुकूम मसाला केला. रंग सुरेख आला. तिखटपणाही बेताचा होता. पण मसाला पांचट. आमटीत घातला की मिरची तेवढी जिभेला लागायची आणि मागून काहीच यायचे नाही. पहिल्या वर्षी मी दुकान बदलले, दुसऱ्या वर्षी मिरची बदलली. तिसऱ्या वर्षी सगळे घर ‘हल्लीच्या मिरची’च्या सिद्धान्तावर स्थिरावले. या सिद्धान्तात एक सोय असते. त्यात कोणाचीच चूक नसते.

चौथ्या वर्षी, म्हणजे गेल्या चैत्रात, मी ठरवले की सामान घरी आणून स्वतः निवडत, भाजत बसायचे नाही. लालबागला जायचे, तिथेच सगळे घ्यायचे आणि तिथेच कुटून आणायचे. आमचे बिऱ्हाड परळहून मुलुंडला गेल्याला तीस वर्षे झाली, तरी सामानासाठी लालबाग हे आमच्या घरी कोणी नव्याने सांगावे लागत नाही.

लालबागचा मसाल्याचा बाजार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. उड्डाणपुलाखालून मार्केटच्या बाजूला वळले की आधी चिवड्याची गल्ली लागते. हा दिवाळी अंक आपल्या हाती पडेल तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसेल. मिरचीच्या गल्लीला मात्र दिवाळीचे काही नाही. तिचा सण चैत्र-वैशाखात. तेव्हा तिथे नुसते चालत जायचे तरी ठसका लागतो. दुकानाच्या पायरीवर पोती उघडी टाकलेली असतात, आत लोखंडी कढईत गडी धणे परततो आहे, आणि त्याच्या मागे डंक चालू असतो. लोखंडी मुसळ वर उचलून उखळात सोडणारे हे कांडपयंत्र. त्याचा ठेका भिंतीतून शेजारच्या दुकानात ऐकू जातो. पीठगिरणीच्या जात्यात मसाला तापतो आणि वास तिथेच उडून जातो. डंकात तो तुलनेने थंड राहतो. म्हणून मसाला दळायचा नसतो, कुटायचा असतो. चाळणीवर राहिलेली चाळ पुन्हा उखळात जाते, पुन्हा चाळली जाते. आपला मसाला आपल्या डोळ्यांदेखत होतो. गिऱ्हाईक स्टुलावर बसून नाकाला रुमाल लावून पाहत राहते, आणि तिथल्या माणसांना त्यात काही वावगे वाटत नाही. संशय हा त्या धंद्याचा भाग आहे.

हा बाजार इथेच का, याचे उत्तर गिरण्यांत आहे. रत्नागिरीच्या दक्षिणेकडून आणि घाटावरून आलेला पुरुष एकटा यायचा, बायको-मुले गावी. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचा आणि जेवायचा खानावळीत. खानावळी चालवत त्या बायका. त्यांना महिन्याच्या उधारीवर सामान देणारा वाणी लागे आणि तो मसाला मालवणचा, साताऱ्याचा की कोल्हापूरचा हे जाणणारा लागे, कारण जेवणारा घरून कितीही लांब आलेला असला तरी त्याच्या जिभेला फसवता येत नसे. या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पण त्याआधीची पन्नास-साठ वर्षे त्या एकेकट्याच चुलीपुढे होत्या. त्यांत आमची आजी. लालबागच्या राजाचे मूळही बाजारातच आहे, हे आता दर्शनाच्या रांगेतल्या कितीजणांना ठाऊक असेल? पेरूचाळीतला बाजार १९३२ साली बंद झाला, कोळी आणि विक्रेते उघड्यावर आले, कायमच्या मार्केटसाठी त्यांनी नवस बोलला, जागा मिळाली आणि १९३४ साली गणपती बसला.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यातून गिरण्या पुरत्या सावरल्याच नाहीत. खानावळी गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले. तरी मिरचीच्या दुकानांत एप्रिल-मेमध्ये गर्दी असते ती आमच्यासारख्यांची. डोंबिवली, विरार, पनवेलला पांगलेली माणसे वर्षातून एकदा रिकामे डबे घेऊन येतात.

मी ज्या दुकानात गेलो तिथे गल्ल्यावर पन्नाशीच्या एक बाई होत्या आणि आतल्या बाजूला, हिंगाच्या डब्यांशेजारी, त्यांचे सासरे बसले होते. मी यादी खिशातच ठेवली आणि आधी माल पाहू म्हटले. इथे मला कबूल करायला हवे की तीन वर्षे मसाला करूनही मी यातल्या निम्म्या वस्तू नावाने ओळखत होतो, डोळ्यांनी नाही. पुडीवर लिहिले आहे ते खरे, एवढेच माझे ज्ञान.

बाईंनी मिरच्यांपासून सुरुवात केली. बेडगी लांब, सुरकुतलेली, गडद लाल. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यात ब्याडगी नावाचे गाव आहे, तिथली. तिच्यात रंग भरपूर आणि तिखटपणा कमी. संकेश्वरी बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरची, हिच्यात जोर अधिक. लवंगी बारीक आणि जहाल. गुंटूरची आंध्रातून येते, गुजरातेतली रेशमपट्टी आखूड आणि रुंद. एका मिरचीने मसाला होत नाही. रंगाला एक, तिखटाला दुसरी. रंग आणि तिखटपणा ही दोन वेगळी रसायने आहेत, कॅप्सॅन्थिन आणि कॅप्सायसिन, आणि एक वाढले की दुसरे वाढतेच असे नाही. लालभडक मसाला पाहून घाम फुटणारे लोक उगीचच घाबरतात. बाईंनी एक बेडगी मधोमध चिरून दाखवली. तिखटपणा बियांत असतो असे मी समजत होतो. तो असतो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढुरक्या शिरेत. बेडगीची ती शीर मी जिभेला लावली. संकेश्वरीची लावायला धीर झाला नाही.

मिरची आपल्याकडे आली पोर्तुगीजांबरोबर, सोळाव्या शतकात, अमेरिकेतून. त्याआधी तिखट म्हणजे मिरी. आजीच्या यादीत दोन्ही आहेत. जुने तिखट पाच तोळ्यांवर आले आणि नवे पाच शेरांवर बसले.

मग बरण्या. दगडफूल मी आजवर वाळके फूलच समजत होतो. हातात घेऊन पाहिले तर चुरगाळलेल्या कागदासारखे, एका बाजूने काळपट, दुसऱ्या बाजूने राखी. ते फूल नव्हेच. ते शैवाक, बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार, खडकांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारा. तसे हुंगले तर कसलाच वास नाही, फार तर ओल्या पालापाचोळ्याचा. बाईंनी चिमूटभर दगडफूल कढईतल्या गरम तेलात टाकले आणि पाच-सात सेकंदांत जो वास आला तो आमच्या परळच्या खोलीचा होता. याहून नेमके मला सांगता येत नाही. आईच्या मसाल्यात जे ‘मागून’ येते ते हे. आणि माझ्या मसाल्यात नेमके हेच नव्हते. त्या क्षणी मात्र मी एवढेच मनाशी म्हटले, की आपण भाजताना तेल कमी घालत असू.

नागकेशराची आणखी गंमत. संस्कृत ग्रंथांतले नागकेशर म्हणजे नागचाफ्याच्या फुलातले पिवळे पुंकेसर. वैद्याच्या पुडीत ते असते. मसाल्यात पडते ते काळे, लवंगेसारख्या देठाचे, टोकाला बारीक गोळी असलेले. ते दालचिनीच्या कुळातल्या झाडाचे कच्चे फळ. नाव एक, वस्तू दोन, आणि दोन्ही आपापल्या जागी खऱ्या. बाद्यानाचे नाव फारसीतून आले. तिथे त्याचा अर्थ बडीशेप. चीनकडून हे चांदणीच्या आकाराचे फळ आले, वास बडीशेपेसारखा, म्हणून चीनची बडीशेप, आणि पुढे चीन गळून नुसते बाद्यान राहिले. आजीच्या यादीत बडीशेपही आहे आणि बाद्यानही, म्हणजे भाषेच्या दृष्टीने बडीशेप दोनदा. आजीला अर्थात भाषेशी कर्तव्य नव्हते.

‘पत्री’पाशी आम्ही अडलो. बाईंनी दोन बरण्या पुढे केल्या. जायपत्री, जायफळाभोवतीची जाळी, फिकट केशरी आणि उग्र सुवासाची. दुसरी रामपत्री, सह्याद्रीतल्या रानटी जायफळाची, काळसर तांबडी, दिसायला भारदस्त पण वासाला मंद, आणि स्वस्त. ‘‘यादीत कुठली?’’ बाईंनी विचारले. यादीत नुसते पत्री. जायफळे दोन सांगितली आहेत म्हणजे पत्रीही त्याचीच असणार, असे म्हणून मी जायपत्री घेतली. पण खानावळवालीने स्वस्तातली घेतली नसेल कशावरून, ही शंका तेव्हाच आली होती.

अशी खास दुकाने मुंबईत इतरत्र नाहीत असे नाही, आणि ती पाहिल्यावर लालबागचे वेगळेपण जास्त कळते. गिरगावात १९१० साली विश्वनाथ परशराम बेडेकर यांनी किराणा दुकान काढले. त्यातूनच पुढे मसाले आणि लोणची तयार करून विकण्याचा व्यवसाय उभा राहिला. गिरगावच्या मध्यमवर्गीय चाळींत जागा कमी, नोकरदार घरे जास्त. त्यांना तयार गोडा मसाला हवा होता, आणि दुकानदाराच्या हाताच्या चवीवर विसंबायची त्यांची तयारी होती. दादरची तऱ्हा निराळी. रानडे रोडच्या आसपासच्या कोकणी मालाच्या दुकानांत माणूस मसाला शोधायला जात नाही, गाव शोधायला जातो. कुळथाचे पीठ, फणसपोळी, आगळ, डांगर, सांडगी मिरची. तिथे मला आवडतात ती आमसुले. रातांब्याची साल फळाच्याच रसात मीठ घालून भिजवायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची. अशी जितकी पुटे जास्त तितके आमसूल काळे आणि मऊ. कोरडे, कडक आमसूल म्हणजे पुटे चुकवलेली आहेत हे ओळखायला मी तिथे शिकलो. आणि तिरफळे. बांगड्याच्या तिखल्यात घालायची ही हिरवट-तपकिरी फळे जीभ किंचित बधिर करतात. चीनमधल्या सिचुआन प्रांतात ज्या मिऱ्याने जीभ बधिर होते ते याच्याच वंशातले. आमच्या आजीने सिचुआनचे नाव ऐकले नव्हते, पण तिरफळ ठेचायचे, वाटायचे नाही आणि आतली काळी बी टाकून द्यायची, हे तिला ठाऊक होते.

नायगावात कामगारांनी १९४८ साली सहकारी तत्त्वावर ग्राहक भांडार सुरू केले. त्याचा पुढे अपना बाजार झाला. तिथे वजन चोख मिळे आणि भाव लिहिलेला असे, याचे माझ्या वडिलांना फार कौतुक होते. आई मात्र मसाल्याचे सामान तिथून कधी आणत नसे. बंद पुडीतली लवंग हुंगता येत नाही, एवढेच तिचे कारण होते.

तर लालबागच्या त्या दुकानात मी अखेर कागद काढला. आजीचा नव्हे, मी त्यावरून केलेला ग्रॅममधला. किलो मिरचीला धणे चारशे, हळकुंड शंभर, खसखस पन्नास. बाई वाचत मान डोलवत होत्या. पुढे बडीशेप पंचवीस, लवंग साडेबारा, दालचिनी, मिरी तेवढीच, दगडफूल दहा, बाकी पाच-पाच. इथे त्या थांबल्या.

‘‘काका, लवंग बारा ग्रॅम? किलोला?’’

‘‘आजीचं प्रमाण आहे.’’

‘‘बाराने काय होणार? मालवणीला आम्ही तीस-पस्तीस देतो. दगडफूलसुद्धा पंचवीस-तीस. धणे-हळद तुमचं बरोबर आहे. हेच कसं काय असं?’’

मी आजीची मूळ यादी दाखवली. शेर, तोळे, १९२९. माझ्या गुणाकारात चूक नाही हे त्यांना पटवायला मी दुकानाच्या पॅडवर आकडे मांडायला लागलो, तेव्हा आतून सासरे म्हणाले, ‘‘कुठला शेर धरलात?’’

‘‘शेर म्हणजे शेर. ऐंशी तोळ्यांचा.’’

‘‘तो पक्का. मुंबईचा तेवढा नव्हता. माझे वडील सांगायचे, त्यांच्या वडिलांच्या काट्याला अठ्ठावीस तोळ्यांचा शेर होता.’’

मला हे खरे वाटले नाही. मी सामान न घेताच परतलो, त्याबद्दल बाई काही बोलल्या नाहीत. पुढचे आठ दिवस मी जुने कोश आणि इंग्रजी अमदानीतले व्यापारी तक्ते उपसण्यात घालवले. म्हातारबुवांचे बरोबर होते. ब्रिटिश हिंदुस्थानात मण एक नव्हता. बंगालचा मण सुमारे ८२ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि मुंबईचा २८ पौंडांचा. मुंबईच्या मणाचे शेर चाळीस. म्हणजे शेर ०.७ पौंड, सुमारे ३१८ ग्रॅम. तोळ्यांत सत्तावीस-अठ्ठावीस. ८० तोळ्यांचा शेर हा बंगालच्या मणाचा, रेल्वेच्या हिशेबातून देशभर गेलेला. मुंबई प्रांताने वजनमापांचा कायदा करून ८० तोळ्यांचा शेर प्रमाण ठरवला तो १९३२ साली. आजीच्या यादीनंतर तीन वर्षांनी. पुढे १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम बाजारात उतरले आणि शेर हा शब्दच पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यापुरता उरला. त्या तक्त्यात एकच शेर होता. मी तोच शिकलो.

तरीही, मुंबईत तो शेर चालत होता म्हणून आजीनेही तोच वापरला असे ठामपणे म्हणता येत नाही. १९३२ पूर्वीही पक्का शेर काही ठिकाणी चालतच असणार. गावी तर धान्य वजनाने नव्हे, मापाने मोजत. पायलीतला शेर आणखी तिसराच. हिशेबनीस माणसाला एवढ्यावर शिक्का मारवत नाही. म्हणून मी पुन्हा यादीकडे वळलो, आणि जे चार वर्षे डोळ्यांपुढे होते ते तेव्हा दिसले.

यादी उतरत्या क्रमाने लिहिलेली आहे. जास्त ते आधी, कमी ते नंतर. मिरची ५ शेर, धणे २ शेर, हळकुंडे अर्धा शेर, बडीशेप १० तोळे, खसखस पाव शेर, मग ५ तोळेवाले, मग ४, मग २. शेर ८० तोळ्यांचा धरला तर पाव शेर होतो २० तोळे, आणि खसखस बडीशेपेच्या आधी यायला हवी होती. संपूर्ण यादीत क्रम तेवढा एकाच ठिकाणी मोडतो. शेर २८ तोळ्यांचा धरा. अर्धा शेर १४, बडीशेप १०, पाव शेर ७, मग ५. क्रम कुठेच मोडत नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची. ८० तोळ्यांच्या शेरात १० तोळ्यांना आदपाव म्हणत आणि ५ तोळ्यांना छटाक. हे रोजच्या बोलण्यातले शब्द. त्या शेराने मोजणारी बाई ‘‘लवंग छटाक’’ सांगेल, ‘‘५ तोळे’’ कशाला सांगेल? २८ तोळ्यांच्या शेराला मात्र ५ आणि १० तोळे हे अंश नीट जात नाहीत, म्हणून तोळ्यांतच बोलावे लागते. हा पुरावा पहिल्याइतका भक्कम नाही, पण एकाच दिशेला बोट दाखवतो.

आता माझी चूक कशी झाली हे उघड आहे. जे शेरात लिहिले होते त्याचे आपसातले प्रमाण कुठल्याही शेराने तेच राहते. मिरची, धणे, हळद, खसखस यांत फरक नाही. तोळ्यांतल्या वस्तू मात्र मिरचीच्या मानाने जेमतेम एक-तृतीयांश पडत होत्या. लवंग, दालचिनी, मिरी, दगडफूल, म्हणजे ज्या वस्तूंमुळे मसाल्याला मसाला म्हणायचे त्याच. रंग आला, तिखटपणा आला, वास गेला. मिरचीत दम नव्हता ही गोष्ट खोटी. संकरित वाण आले, शेती बदलली, हे खरे असेल. पण आमच्या आमटीत मिरचीवर आळ आला होता.

नव्या हिशेबाने किलो मिरचीला पडते ते असे : धणे ४००, हळकुंड १००, बडीशेप ७०, खसखस ५०, लवंग, दालचिनी, मिरी प्रत्येकी ३५, दगडफूल ३० आणि उरलेले प्रत्येकी १४ ग्रॅम. बाईंनी काही न वाचता, नुसते बोटांवर सांगितलेले तीस-पस्तीस आणि पंचवीस-तीस. त्यांच्याकडे कागद नव्हता. रोज पंचवीस गिऱ्हाइकांचा मसाला भाजताना नाकाला जे कळते ते त्यांना कळत होते. कमलाबाई ओगल्यांनी ‘रुचिरा’त (१९७०) वाटी आणि चमचा हीच मापे ठेवली त्यामागचा शहाणपणा मला या वयात समजला. वाटी तुमची कुठलीही असू दे, सगळे त्याच वाटीने घ्या. एका यादीत दोन मापांच्या पद्धती आल्या की नातवाची तीन वर्षे फुकट जातात.

पुढच्या आठवड्यात पुन्हा लालबागला गेलो. बेडगी अर्धी, संकेश्वरी पाव, उरलेल्यात गुंटूर आणि थोडी लवंगी. आजीच्या यादीत मिरचीचे वाण लिहिलेले नाहीत, म्हणून हे बाईंच्या सल्ल्याने. देठ तिथेच दोघीजणी खुडत होत्या. धणे आधी, मग एकेक वस्तू तेलाच्या हाताने वेगळी भाजली. खसखस आणि दगडफूल शेवटी, कारण दोन्ही पटकन करपतात. हळकुंड तळून फुगवले. मी स्टुलावर बसून होतो. डंकाचा ठेका सुरू झाल्यावर काही मिनिटांनी वास आला आणि मला रुमाल बाजूला करावासा वाटला. म्हातारबुवांनी वर ठेवायला हिंगाचे दोन खडे पुडीत बांधून दिले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. त्यांना मी २८ पौंडांच्या मणाचा तक्ता झेरॉक्स करून नेला होता. त्यांनी तो चष्मा लावून पाहिला, घडी केली आणि गल्ल्याखाली ठेवला. ‘‘सांगितलं होतं ना,’’ एवढेच म्हणाले.

दोन दिवस मसाला मुरू दिला. रविवारी काळ्या वाटाण्याची आमटी केली. आईला यातले काही सांगितलेले नव्हते. मण, पौंड, उतरता क्रम काहीच नाही. तिने घास घेतला, वाटी पुढे सारली नाही. दुसरा घास घेतला. मग म्हणाली, ‘‘औंदा मिरची बरी गावली.’’

यादीची नवी प्रत मी ग्रॅममध्ये काढून जुन्या कागदाला जोडून ठेवली आहे आणि वर पेन्सिलने लिहिले आहे : शेर = २८ तोळे. ‘पत्री’पुढे अजून प्रश्नचिन्ह आहे. येत्या चैत्रात पाव किलोचा एक लहान घाणा रामपत्री घालून कुटून पाहणार आहे. बाईंनी बरणी बाजूला ठेवतो म्हणून सांगितले आहे.